परतीचं सोडून द्यायचं असतं!

चहा येईपर्यंत एक फजिती सांगतो. दुसऱ्या कुणाची असती तर मीठमसाला लावून दोन कप चहापर्यंत लांबवली असती. माझी स्वतःची आहे, म्हणून एकात उरकतो.

माझं कोल्हापुरात भांड्यांचं दुकान आहे. स्टील, पितळ, तांबं, लग्नाचा संसारसेट, सगळं मिळतं. शिक्षण नववी. दहावीत गेलो नाही, कारण नववीनंच मला सोडलं नाही! पुढचं सगळं शिक्षण गल्ल्यावर बसून झालं. तीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो, भाव विचारल्याशिवाय खिशाला हात लावायचा नाही. देवळाबाहेर नारळ घ्यायचा तरी मी तीन ठिकाणी विचारतो. देवाला घाई नसते. मागं उभ्या असलेल्या लोकांना असते, पण ते काय माझे कोण लागत नाहीत.

गल्लीत तसं नाव आहे माझं. कुणाला फ्रीज घ्यायचाय, कुणाला मोटरसायकल, "बापूशेठला विचारा!" एवढं नाव झाल्यावर माणूस फुगणारच की! मीही फुगलो. आणि फुगलेल्या माणसाला टाचणी कुठं टोचते? बाजारात नाही. घरात.

झालं असं. आमची एकुलती एक लेक स्नेहल हैदराबादला दिलीय. जावई निखिल तिथं कंप्युटरच्या नोकरीत. व्याही मूळचे इथल्याच, कोल्हापूरजवळच्या कोडोलीचे, पण सगळी हयात हैदराबादच्या कारखान्यात गेली. बोलणं मात्र अजून कोडोलीचंच, एक शब्द बदललेला नाही. आणि विहीणबाई पोस्टात होत्या. पस्तीस वर्षं खिडकीमागं बसून लोकांचे फॉर्म तपासलेल्या! पिनकोडचा एक आकडा चुकला तर माणसाला परत लायनीत उभं करणारी बाई. कोल्हापुरात एवढी पोरं होती, पण मला नेमका त्यांचाच मुलगा आवडला.

स्नेहलला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातवा लागला की लेकीला घेऊन यायचं. मी म्हटलं, गाडी काढतो, हैदराबाद काय लांब आहे? तर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा-अकरा तास गाडीत बसवायचं नाही. विमानानं जाऊ दे, मी तशी चिठ्ठी देते. हैदराबादहून आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर सरळ विमान येतं. बसलं, पाणी प्यायलं, उतरलं!

"तिकीट माझ्याकडं लागलं," मी व्याह्यांना फोनवर छाती काढून सांगितलं. "माहेरपण आमचं, खर्च आमचा!"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं हेच माझ्या घशात अडकणार आहे.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मोबाईल उघडला. हैदराबाद ते कोल्हापूर, एकेरी. आकडा बघितला आणि मला उचकी लागली. तुम्ही म्हणाल, बापू, एकुलती लेक, पहिलं बाळंतपण, द्यायचे की! अहो, मी देणारच होतो. पण भाव न बघता द्यायचे? तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ बघितलं. आकडा काही हलेना. तिसऱ्या दिवशी बोट चुकून 'जाऊन-येऊन'वर पडलं, आणि काय बघतो! जाऊन-येऊनचा आकडा एकेरीपेक्षा कमी!

मी चष्मा पुसला. परत बघितलं. अहो, नुसती घागर घेतली तर महाग, आणि घागर-कळशीची जोडी घेतली तर त्या एकट्या घागरीपेक्षा स्वस्त? हा कसला व्यापार म्हणायचा? असलं दुकान मी चालवलं असतं तर पहिल्या पाडव्याआधीच शटर ओढलं असतं.

गल्लीतच ट्रॅव्हल्सवाला दिलीप आहे. त्याला फोन लावला.

"दिलप्या, जाऊन-येऊन स्वस्त कसं रं?"

"असतंय कवाकवा, बापूशेठ. आमाला बी कळत न्हाय."

"मग जाऊन-येऊन काढलं आनि परतीचं सोडून दिलं तर?"

"द्या की सोडून! फकस्त पैलं सोडू नका. पैलं सोडलं तर फुडचं आपोआप रद्द. शेवटचं सोडलं तर कोन इचारतंय?"

"दंड?"

"कसला दंड? सीट मोकळी जाईल. सीटला काय वाईट वाटतंय व्हय?"

सीटला वाईट वाटत नाही. अगदी बरोबर. कुणाला वाटतं, ते मला पुढं कळलं.

परतीची तारीख टाकल्याशिवाय ते मोबाईलमधलं पान पुढं जाईना. आता कुठली टाकायची? सोडायचीच तर आहे! सगळ्यात स्वस्त कुठली ते बघितलं. लेक येणार बुधवारी, आणि स्वस्त होता पुढच्या आठवड्यातला गुरुवार. टाकला गुरुवार. मोबाईल नंबर मागितला, तो जावयाचा टाकला. का? तर विमानाची वेळ पुढं-मागं झाली तर मेसेज त्यांना गेलेला बरा, तेच तिला विमानात बसवून देणार. बघा, केवढा विचार करतो माणूस!

संध्याकाळी घरी जाऊन शोभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, तिकीट दाखवलं.

"अवं, ह्यात परतीचं बी हाय की."

"असू दे. ते सोडून द्यायचं."

"लेक अजून आली न्हाय, तवर तिचं जायचं काढलासा?"

"काढलं न्हाय गं. काढावं लागलं. स्वस्त पडतंय."

"आनि त्या घरची मानसं काय म्हनतील?"

"तिकीट कोन वाचत बसतंय? दारात दाखवायचं आनि आत जाऊन बसायचं. तुला व्यवहार कळत न्हाय."

शोभा भाकरी थापताना थांबली. "मला व्यवहार कळत न्हाय," ती म्हणाली, "पन मला विहीनबाई कळत्यात."

ह्या वाक्याला मी त्या दिवशी हसलो. मोठ्यानं हसलो.

दोन्ही घरांचा मिळून एक व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. तिकीट त्याच्यावर टाकलं. खाली लिहिलं, 'लेकीच्या माहेरपणाची सोय झाली!' पुढं पाच फुलं, दोन हात जोडलेले. एरवी मी नुसतं 'शुभ सकाळ' म्हटलं तरी व्याह्यांचा अंगठा मिनिटात येतो. त्या दिवशी निळ्या खुणा पडत गेल्या, एकामागून एक, सगळ्यांच्या. बाकी काही नाही. मला वाटलं, भारावली माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंचा फोन.

"नमस्कार, बापूसाहेब. तिकीट मिळालं."

"मिळालं ना? आवडलं का?"

आता तिकीट ही काय आवडायची वस्तू आहे? पण आनंदात माणूस बोलून जातो.

"तारीख नीट बघूनच काढलीय ना?"

मला वाटलं, येण्याची तारीख. "एकदम बघून! तीन दिवस त्याच्यावरच बसलोतो."

"म्हणजे पूर्ण विचार करून."

"तर! घाईगडबडीत काय केलेलं न्हाय."

"शोभाताईंना मान्य आहे?"

"ती पैल्यांदा जरा कुरकुरली. पण मी समजावलं. म्हटलं, व्यवहारानं जायला पायजे."

पलीकडं एवढी शांतता झाली, की त्यांच्या घरातला पंखा मला कोल्हापुरात ऐकू आला.

"ठीक आहे," विहीणबाई म्हणाल्या. "तुमची काही अडचण असेल. आम्ही समजू शकतो."

"अडचण कसली? उलट फायदाच झाला!"

फोन बंद झाला. मी शोभाकडं वळून म्हटलं, "बघ, किती समजूतदार बाई हायत. तू उगंच घाबरत हुतीस."

तासाभरात स्नेहलचा फोन आला. आधी नुसता नाक ओढल्याचा आवाज.

"बाबा, मी काय आठ दिवसांची पावनी हाय व्हय?"

"कोन म्हनतंय असं?"

"तुमचं तिकीट म्हनतंय! बुधवारी या, फुडच्या गुरुवारी जावा! सासूबाई म्हणाल्या, तुझ्या माहेरच्यांना बाळंतपण जमत नसेल, आठ दिवस नेऊन रीत तेवढी पाळायची ठरवलीय त्यांनी. तू मनाला लावून घेऊ नको, आपण इथंच करू. सासरे तर हितल्या दवाखान्यात नाव घालून आले बी!"

दुकानात वरच्या फळीवरनं पितळी परात खाली पडली की कसा आवाज होतो? तसा माझ्या डोक्यात झाला.

आता खरं सांगायला पाहिजे होतं. 'पोरी, चार पैसे वाचत होते म्हणून काढलं, ते सोडून द्यायचंय.' एवढंच. वाक्य तोंडापर्यंत आलं. आणि मध्ये ते दुसरं वाक्य आडवं आलं. माहेरपण आमचं, खर्च आमचा! लेकीला काय सांगू, तुझ्या बाळंतपणातसुद्धा तुझ्या बापानं भाव बघितला? गप्प बसावं तर निष्ठुर, बोलावं तर चिक्कू. दोन्ही कान तापलेली कढई आणि चिमटा सापडत नाही, तशी गत!

व्यापारी माणूस अशा वेळी तिसरा रस्ता काढतो. मी काढला. खोटं बोललो.

"अगं, ते कंप्युटरनं आपोआप लावलंय!"

दहा मिनिटांत विहीणबाई फोनवर हजर.

"बापूसाहेब, मी पस्तीस वर्षं फॉर्म घेतले. फॉर्म आपोआप भरत नाही. भरणारा भरतो. पण चूक झाली म्हणताय, तर झाली. परतीचं रद्द करून टाका. लेक माहेरी निघताना तिचं जायचं कुणी काढून ठेवतं का? बरं दिसत नाही ते."

"आत्ता करतो!"

आणि खरंच करायला गेलो हो! बघतो तर काय, परत काही मिळणार नाहीच, वर रद्द करायचे वेगळे पैसे. आता तुम्हीच न्याय करा. माल मी टाकून द्यायचा, आणि टाकून द्यायची हमाली पण मीच द्यायची? माझं बोट त्या बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं. नववी नापास असलं तरी स्वाभिमानी बोट आहे. दाबलंच नाही त्यानं.

ग्रुपवर लिहिलं, 'परतीचे रद्द केले आहे. गैरसमज नसावा.' तसंही सोडायचंच होतं ना? सीटला काय वाईट वाटतंय?

व्याह्यांचा अंगठा आला. विहीणबाईंचा आला नाही.

बुधवारी लेक आली. शोभानं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. राधानगरीहून मेव्हण्यानं घरच्या म्हशीचं तूप आणि नवा तांदूळ धाडला. घरात नुसता वास! स्नेहल झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसायची, आई विचारायची काय खाणार, आणि दोघींचं त्यावर अर्धा अर्धा तास चालायचं. मी जेवायला आलो की ऐकत बसायचो. सहा-सात दिवस कुठं गेले कळलं नाही. परतीचं तिकीट-बिकीट मी साफ विसरलो.

पण विमानवाले विसरले नव्हते. मंगळवारी हैदराबादला जावयाच्या मोबाईलवर मेसेज पडला. 'आपले विमान गुरुवारी आहे. आपली सीट निवडा.'

आठवतंय ना, नंबर कुणाचा टाकला होता? केवढा विचार करून?

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी कळल्या त्या चपला. बुधवारी दुपारी दुकानातनं जेवायला घरी आलो, तर दारात दोन अनोळखी जोड. त्यातला बायकांचा जोड पायपुसण्याला काटकोनात लावलेला. एवढा सरळ जोड माझ्या माहितीत एकच बाई लावते.

आत विहीणबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, मांडीवर पर्स. व्याही सोफ्याच्या कडेला टेकलेले, पायात मोजे तसेच. स्नेहलचे डोळे लाल, आणि तिच्या पायाशी अर्धी भरलेली बॅग. स्वयंपाकघराच्या दारात शोभा, हातात लाटणं.

"या, या!" मी म्हटलं. "न कळवता आलासा? कळवलं असतं तर गाडी घेऊन आलो असतो की!"

"न कळवता कसं?" विहीणबाईंनी मोबाईल पुढं केला. "तुम्हाला नाही, आम्हाला कळवलं. उद्या सूनबाईचं विमान आहे. रद्द झालेलं."

मी मेसेज वाचला. वाचता येत नसतं तर बरं झालं असतं.

"सातव्या महिन्यात एकदा आली एकटी, परत एकटी कशी येणार ती? म्हणून आम्ही दोघं आलो न्यायला. उद्याच्याच विमानाचं आमचंही परतीचं काढलंय. तिघं शेजारी शेजारी बसून जाऊ. तुम्ही काही काळजी करू नका."

व्याही एवढा वेळ जमिनीकडं बघत होते. ते हळूच म्हणाले, "पावनं, अडचन हुती तर नीट सांगायचं हुतं. आमी काय परकं हाय? माझी भैन बाळंतपनाला कोडोलीला आलती, तर बानं तीन म्हैनं तिच्या जायचं नाव काडलं न्हवतं. घरात खायला न्हवतं, पन नाव काडलं न्हवतं."

हे मात्र लागलं बघा. विहीणबाईंचा टोमणा मी झेलला असता, गिऱ्हाइकांचे रोज झेलतो. पण ह्या गरीब माणसाचा आवाज...

"राहू दे, बाबा," स्नेहल उठून बॅगेकडं गेली. "तुमास्नी जमत नसलं तर मी जाते."

शोभा लाटण्यासकट बाहेर आली. "सांगतासा, का मी सांगू?"

"सांगतो," मी म्हटलं. आणि सांगितलं. एकेरी महाग होतं. जाऊन-येऊन स्वस्त होतं. परतीचं सोडून द्यायचं होतं. रद्द करायला पैसे पडत होते म्हणून केलं नाही. चार पैसे वाचत होते, लेकीच्या बाळंतपणात वाचवले, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून कंप्युटरवर ढकललं. एका दमात सगळं.

विहीणबाईंनी पर्समधनं चष्मा काढला. "दाखवा."

मी मोबाईलमध्ये जपून ठेवलेले दोन्ही आकडे दाखवले. हो, फोटो काढून ठेवले होते. कधी कुणाला सांगायचं झालं तर पुरावा असावा म्हणून! त्यांनी एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. परत पहिल्यावर.

"म्हणजे तुम्ही तिला परत पाठवत नव्हता."

"देवाशप्पथ न्हाय!"

"तुम्ही फक्त कंजूष आहात."

"व्हय!"

इतक्या आनंदानं कंजूषपणा कबूल केलेला माणूस कोल्हापूर जिल्ह्यात माझ्याआधी झाला नसेल.

आधी स्नेहलला हसू फुटलं. पोटाला हात लावून हसली पोरगी. "अवं, नारळ घ्यायला तीन ठिकाणी विचारणारा मानूस ह्यो! आमच्या कुणाच्या ध्यानात कसं आलं न्हाय?" मग व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या मारी! आनि मी हिकडं रातभर जागा!" शोभा हसतच लाटणं घेऊन आत गेली. पोळ्या लाटायला घेतल्याचा आवाज आला, आणि मला कळलं, वाचलो.

गोष्ट इथं संपायला पाहिजे होती. मी तोंड मिटून जेवायला बसायला पाहिजे होतं. पण विहीणबाईंनी चष्मा पुसत सहज विचारलं, "पण बापूसाहेब, परतीचं सोडलं तर ते लोक खरंच काही करत नाहीत?"

अहो, विचारलं म्हणजे काय! नववीत अडकलेल्या माणसाला पोस्टातली बाई शंका विचारते! मी पुन्हा फुगलो.

"काय करनार? काय न्हाय!"

"दंड?"

"एक रुपाया न्हाय."

"घरी नोटीस वगैरे?"

"नोटीस कसली? हे बघा, नीट समजून घ्या." मी जेवायला मांडलेल्या ताटाजवळचा तांब्या आणि वाटी ओढली. "हा तांब्या म्हणजे येणं. ही वाटी म्हणजे जाणं. तांब्या आपल्याला पायजे, तो घेतला. वाटी जोडीला आली, ती हितंच ठेवायची. ओढत बसायची न्हाय. एकदा-दुसऱ्यांदा कोण बघतंय? परतीचं सोडून द्यायचं असतं, विहीणबाई! सीटला काय वाईट वाटतंय?"

विहीणबाईंनी मान डोलावली. वाटी बोटानं जरा बाजूला सरकवली. मग व्याह्यांकडं वळल्या.

"ऐकलंत? मग आपलंही उद्याचं सोडून देऊ."

माझा हात तांब्यावर तसाच. "म्हंजे?"

"म्हणजे आम्ही राहतो. बाळंतपण होईपर्यंत. राग मानू नका, पण लेकीच्या विमानात जो माणूस भाव करतो, तो डिंकाच्या लाडवात काय करेल? कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

"ऱ्हावा की!" आतनं शोभाचा आवाज आला. तीस वर्षांच्या संसारात एवढा खूष आवाज मी ऐकला नव्हता. "घर तुमचंच हाय!"

व्याह्यांनी तिथल्या तिथं पायातले मोजे काढले. "गंगावेशीत अजून म्हशी पिळून दूद देत्यात न्हवं, पावनं?"

आता मला सांगा, मी विचारू शकत होतो का, किती दिवस राहणार? कुणी विचारावं? मी? लेकीला आठ दिवसांत वाटेला लावतो म्हणून ज्याचा नुकताच निवाडा झालाय, तो व्याह्यांना विचारणार, जाणार कधी?

राहिले. तीन महिने राहिले!

मी डिंक आणला, विहीणबाईंनी तो खिडकीजवळ नेऊन उजेडात धरला आणि म्हणाल्या, "परत करा. पहिल्या प्रतीचा आणा." खारीक परत. बदाम तर दोनदा परत. बाजारातले लोक मला बघून म्हणायला लागले, बापूशेठ, रोज काय तरी परत घेऊन येतासा, आता पोस्टात चिकटलासा काय? दुपारी वेळ जात नाही म्हणून बाई दुकानात येऊन बसायला लागल्या. मी गिऱ्हाइकाला कुकरचा भाव सांगितला, की शेजारनं आवाज, "थांबा हं. अजून कमी होतो त्यांचा." आणि व्याही! रोज संध्याकाळी मला धरून गंगावेशीत. धारोष्ण दुधाचे दोन ग्लास, वरचा फेस मिशीला, डोळे मिटलेले. "हैद्राबादला सगळं मिळतंय, पावनं. ह्ये मिळत न्हाय." हे दर वेळी. आणि ते असं म्हटल्यावर माझा हात आपोआप खिशात जायचा. भाव न विचारता! बघा किती बिघडलो होतो.

नात झाली. गोरी, गोल, विहीणबाईंसारखी भुवई वर करून बघणारी. बारशाला मी आमच्या दुकानातली वाटी पुढं केली, भारीतल्या स्टीलची, नाव कोरलेली. विहीणबाई काही बोलल्या नाहीत, फक्त बघितलं. मी तसाच सराफाकडं जाऊन चांदीची घेऊन आलो.

बारशानंतर एका सकाळी त्या आपण होऊन म्हणाल्या, "बापूसाहेब, निखिलच्या जेवणाचे हाल चाललेत तिकडं. सूनबाई आणि बाळ राहू दे निवांत. आम्ही दोघं निघतो आता. तिकीट काढता का?"

काढतो म्हणजे! पण मी आता शहाणा झालो होतो. जाऊन-येऊनकडं बघायचंसुद्धा नाही, ठरवलं. परतीच्या भानगडीनं एवढं रामायण झालं, परत ती चूक? सरळ एकेरी काढली दोन तिकिटं. महागातली! आकड्याकडं बघताना डोळे मिटून घेतले. आणि अभिमानानं ग्रुपवर टाकली.

मी बाहेरच्या खोलीत, विहीणबाई आतल्या खोलीत. निळ्या खुणा पडल्या. मग भिंतीपलीकडनं आवाज आला.

"बापूसाहेब."

"बोला!"

"नुसतं जायचंच काढलंत?"

"व्हय! एकेरी! ह्या खेपेला भाव बी बघितला न्हाय!"

पुन्हा ती शांतता. पंखा ह्या वेळी आमचाच होता.

"म्हणजे," विहीणबाई म्हणाल्या, "परत येऊ नका म्हणताय?"

स्वयंपाकघरात शोभाच्या हातातलं काहीतरी पडलं. हसून पडलं, हे मला आवाजावरनं कळतं.

मग काय करणार? यायचंही काढलं. वेगळं, एकेरी, तेही महागातलं. दिवाळीचं. आणि हे परतीचं मात्र अजिबात सोडायचं नसतं, हे विहीणबाईंनी निघायच्या आधी मला समोर बसवून, तांब्या आणि वाटी मांडून, दोनदा समजावून सांगितलंय.